डाकबंगल्याची शेहेचाळिसावी पायरी

आईशपथ, या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः त्या मठात बसलो होतो, हातात चहाची कपबशी होती आणि चहात आलं जरा जास्त पडलं होतं. इतके तपशील देऊन कोण खोटं बोलतं?

म्हणजे, मठ नव्हता तो. मिरजेच्या पुढे, डांबरी रस्ता संपून करंजाची झाडं सुरू होतात, तिथली पत्र्याची खोली होती. आणि चहात आलंही नव्हतं. पण बाकीचं सगळं खरं. बाकीच्यातलंही एक वाक्य सोडून. ते कुठलं, ते कबूल करीनच.

तर...

"बुवा, आता तरी 'जमलं' म्हणाल ना?"

हे विचारणारा शार्दूल खटावकर. चौतीस वर्षांचा, पुण्यात मोठ्या पगारावर, माझ्या बायकोचा मावसभाऊ. म्हणून गाडी चालवायला मी.

शार्दूलला वेड जुन्या ठोकळ्यांचं. आपल्या लहानपणी असायचे बघा, एकावर एक खटकन बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे, त्यांचं घर व्हायचं, आगगाडी व्हायची. आता ते मिळत नाहीत. प्लॅस्टिक पिवळं पडलं, कडा तुटल्या, आणि काय कशावर बसवायचं ते दाखवणाऱ्या पुस्तिका कसरीने खाल्ल्या. मग ही मंडळी काय करतात, एकेक ठोकळा मोजून तसाच्या तसा कॉम्प्युटरवर बनवतात, अख्खा संच पडद्यावर पुन्हा उभा करतात आणि नवी पुस्तिका काढतात. अशी वेडी माणसं महाराष्ट्रात सत्तरएक असतील. मी पाच हजार सांगत असतो.

त्या सत्तरांचे गुरू निरंजनबुवा. बुवांनी 'लघुशिल्प' नावाच्या खेळण्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं नोकरी केली. कारखाना बंद पडला, दाढी वाढली, लोक बुवा म्हणायला लागले. त्यांच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर क्रोशाचं आच्छादन, आणि त्याच्या पोटात लघुशिल्पचे एकोणचाळीस संच. बुवा 'जमलं' म्हणाले की संच आत जातो. नाही म्हणाले की माणूस परत जातो.

चाळिसावा तेवढा राहिला होता. संच क्रमांक सतरा, डाकबंगला. त्याची पुस्तिका कुणाकडेच उरली नव्हती. उरलं होतं फक्त खोक्याचं झाकण. वर बंगल्याचं चित्र, आतल्या बाजूला यादी. एकूण ठोकळे एकशे अठरा.

शार्दूल चौदा महिने त्यावर बसला होता. दोनदा बुवांकडून परत आला होता. आणि या खेपेला पुण्याहून निघण्याआधीच त्याने सगळ्या सत्तरांना कळवून टाकलं होतं की डाकबंगला झाला.

बुवांनी चष्मा पुसला.

शार्दूलने लॅपटॉप उघडला. पडद्यावर बंगला गोल फिरायला लागला. लाल छप्पर, पांढऱ्या भिंती, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात इवलासा लाल कंदील. मला विचाराल तर सुंदर होता.

"प्रत्येक ठोकळा मी स्वतः मोजलाय, बुवा. एक दशांश मिलिमीटरपर्यंत. पांढरा रंग कसा पकडला सांगू? जुने ठोकळे पिवळे पडलेत. पण दोन ठोकळे वर्षानुवर्षं एकमेकांत अडकून राहिले असले ना, तर ते सोडवल्यावर आतला भाग अजून पांढराशुभ्र असतो. तो रंग घेतला."

"छान."

"एकशे अठरा ठोकळे. शेहेचाळीस पायऱ्यांची पुस्तिका. जगात दुसरी नाही."

"बांधलास कितीदा?"

"चारशे वेळा तरी."

"हाताने?"

शार्दूल हसला. मोठ्या माणसाने काही तरी जुनाट विचारलं की आपण हसतो तसं.

"हाताची गरजच काय आता?"

बुवा त्याच्या पिशवीकडे बघत राहिले...

त्या पिशवीत स्टीलचा मोठा डबा होता. चौदा महिन्यांत शार्दूलने चोरबाजारातून, भंगारवाल्यांकडून, कुणाकुणाच्या माळ्यावरून डाकबंगल्याचे खरे ठोकळे जमवले होते. सगळेच्या सगळे, यादीबरहुकूम. पण एकेक ठोकळा वेगळ्या पारदर्शक पाकिटात, पाकिटावर नंबर. मोजून झाला की परत पाकिटात. ओरखडा पडेल म्हणून एकही ठोकळा त्याने दुसऱ्यावर दाबला नव्हता.

बुवांनी कोपऱ्यातली परात पुढे सरकवली.

"ओत."

"बुवा, पाकिटं फोडायची?"

"मग काय, पाकिटांचा बंगला बांधणार?"

मी मध्ये तोंड घातलं. "बुवा, त्याला रडू येईल."

"येऊ दे. चहा घ्या तुम्ही."

पाकिटं फोडायला पाऊण तास गेला. मी तीन तास सांगतो, पण पाऊण. मग परातीत एकशे अठरा ठोकळे खळखळले आणि शार्दूल मांडी घालून बसला. स्वतःच काढलेली पुस्तिका स्वतःच्या गुडघ्यावर.

पहिली पायरी. दुसरी. तिसरी.

सुरुवातीला तो देवाला फूल वाहावं तसा ठोकळा ठेवत होता. ठोकळे बसेनात. बुवा म्हणाले, "दाब की. खेळणं आहे." मग त्याने दाबला. खट्. त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. त्याने उगाचच तो काढला आणि परत दाबला. खट्.

"आवाज येतो," तो म्हणाला.

"हो."

"हा आवाज माझ्या फाइलीत नाही."

"नसतो."

भिंती चढल्या. खिडक्या बसल्या. व्हरांडा झाला, कंदील लागला. अडतिसाव्या पायरीला छप्पर आलं आणि पंचेचाळिसाव्याला वर धुराडं. बंगला पुरा झाला. अगदी झाकणावरच्या चित्रासारखा. शार्दूलच्या कपाळावर घाम आणि ओठांवर विजय.

परातीत एकच ठोकळा उरला होता. एका खुंटीचा, म्हणजे डोक्यावर एकच टेंगूळ असलेला, तुरीच्या दाण्याएवढा, लाल.

"शेहेचाळिसावी पायरी वाच," बुवा म्हणाले.

शार्दूलने पान उलटलं. चित्रात बंगला होता, आणि एक बाण. बाण वरून निघत होता आणि थेट छपरातून आत शिरत होता.

"मागच्या खोलीत... भिंतीलगत. लाल, एक खुंटी."

"ठेव."

शार्दूलने ठोकळा चिमटीत धरला. बंगला पुढून पाहिला, मागून पाहिला. दार नुसतंच रंगवलेलं, उघडत नव्हतं. खिडक्यांतून करंगळीही जाणार नव्हती. वरती छप्पर, आणि ते काढा असं पुस्तिकेत कुठेच नव्हतं.

तो हात तसाच बंगल्यावर अधांतरी धरून राहिला...

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली. मीही चहाचा घोट गिळायचा थांबलो.

"कॉम्प्युटरवर जातो हो तो आत," शार्दूल शेवटी म्हणाला. "तिथे भिंत आड येत नाही."

"तुझा हात कुठून गेला होता?"

"हात नव्हताच, बुवा. माउस होता."

"नागपूरच्या भागडीकरबाई माहीत आहेत ना? बासष्ट वर्षांच्या. त्यांच्याकडे हा संच बुटांच्या खोक्यात पडलाय. भावाबरोबर बांधायच्या म्हणे. दर गुरुवारी फोन करतात, पुस्तिका आली का. तुझी पुस्तिका मी त्यांना धाडली, तर त्या इथवर येतील. या पायरीपर्यंत. मग काय करतील?"

शार्दूलची मान खाली गेली. पण हुशार माणूस, लगेच वर आली.

"सोपं आहे! शेवटची पायरी उचलून बाराव्या पायरीला नेतो. भिंती चढायच्या आधी. दोन मिनिटांचं काम."

"ने."

"झालं मग!"

"पण तो ठोकळा मागच्या खोलीत आहे कशाला, ते सांग."

शार्दूलने ठोकळा उलटा करून पाहिला.

"खुर्ची आहे? शेगडी आहे?"

शार्दूलने मान हलवली.

"डाकबंगल्यातला साहेब आहे?"

मला हसू फुटलं. शार्दूलने माझ्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं आणि परतीच्या प्रवासात त्याने गाडीतला रेडिओ लावू दिला नाही.

"तो कशालाच नाही, बुवा." त्याचा आवाज एकदम लहान झाला. "बंगला एकशे सतरा ठोकळ्यांतच पूर्ण होतो. मी चार महिने त्या झाकणाकडे भिंग लावून बघत होतो. एकशे अठरावा कुठेच दिसत नाही. पण यादीत तर आहे. मग... मागच्या खोलीत टाकला. अगदी शेवटी. सगळं झाल्यावर टाकला म्हणून कॉम्प्युटरने त्याला शेवटची पायरी दिली, आणि मी ती पाहिलीसुद्धा नाही. तिथे कुणाला दिसणार नव्हता, बुवा."

"मला दिसला."

"कसा? तुम्ही तर पडद्याकडे बघितलंसुद्धा नाहीत."

"बावीस वर्षं पाकिटं कोण भरत होतं?" बुवा म्हणाले. "व्हरांड्यातला कंदील पाहिलास? एका खुंटीचा. पोरांच्या हातून पहिला तोच हरवतो. म्हणून प्रत्येक खोक्यात दुसरा टाकायचा. छापणाऱ्याने पाकिटातले ठोकळे मोजले आणि यादी छापली."

"म्हणजे हा कुठेच बसत नाही?"

"कुठेच नाही."

शार्दूलने तो लाल दाणा परातीच्या काठावर ठेवला. मग त्याने लॅपटॉप ओढला, मागच्या खोलीतला लाल ठिपका निवडला आणि पुसून टाकला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा बदलला. एकशे सतरा.

"आता सगळे म्हणतील, शार्दूल एक ठोकळा विसरला."

"म्हणतील."

"चौदा महिने, बुवा. दोनदा परत गेलो. आणि आता उघड उघड एक कमी. बाहेर यादी, आत बंगला, दोन्ही जुळत नाहीत. सत्तर जण मोजणार. पहिली गोष्ट मोजणार. मी कुणाकुणाला समजावत बसू?"

"समजावू नकोस."

"असंच राहू देऊ?"

शार्दूलचा अंगठा एका बटणावर होता. ते दाबलं की पुसलेलं परत येतं, एवढं मलाही कळतं. अंगठा तिथेच घुटमळत होता. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ धाडसं पाहिली आहेत, त्यांतली निम्मी मीच रचलेली आहेत. पण त्या अंगठ्याकडे बघताना मी खरोखर श्वास रोखून धरला होता.

मग शार्दूलने अंगठा उचलला. फाइल साठवली. एकशे सतरा.

"आणि याचं काय करू?" त्याने लाल ठोकळा पुढे केला.

बुवांनी तो घेतला. जमिनीवर ठेवला. एक डोळा मिटला आणि कॅरमची सोंगटी मारावी तशी टिचकी मारली. ठोकळा सर्रकन फरशीवरून गेला आणि भिंतीला लावलेल्या लोखंडी कपाटाखाली दिसेनासा झाला.

बुवा म्हणाले, "आता संच पूर्ण झाला."

काय वाक्य आहे! हे मी लग्नांत सांगितलंय, बारशांत सांगितलंय, एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत सांगितलंय. प्रत्येक वेळी ऐकणारा क्षणभर गप्प होतो.

तर कबूल करतो. ते वाक्य माझं. मीच घातलंय. बुवा तसलं काही बोलले नाहीत.

खरं झालं ते इतकंच. टिचकी मारल्याबरोबर शार्दूल "अहो बुवा!" म्हणून ओरडला आणि फरशीवर पालथा पडला. मोठ्या पगाराचा माणूस, गाल धुळीत, मोबाइलचा उजेड कपाटाखाली. आधी पेनाचं टोपण काढलं, मग एक वाळलेलं लिंबू. ठोकळा काही दिसेना. चौदा महिने हिंडून जमवलेल्यांतला होता तो.

तोवर बुवांनी क्रोशाचं आच्छादन बाजूला केलं होतं. शार्दूलच्या लॅपटॉपमधून त्यांनी फाइल आपल्या कॉम्प्युटरवर घेतली. 'जमलं' वगैरे काही म्हटलं नाही. एकोणचाळीस नावांच्या खाली चाळिसावं नाव आलं, ते मी पाहिलं. शार्दूलने पाहिलं नाही. तो हात खांद्यापर्यंत कपाटाखाली घालून चाचपत होता.

"सापडतोय, बुवा! एक मिनिट... कपाट जरा सरकवता येईल का?"

बुवांनी आच्छादन परत नीट घातलं. कडेच्या झालरीवरून हात फिरवला.

"राहू दे रे. कधीतरी, कुणीतरी वाकेल. त्याला सापडेल."