मिस्त्रीनं सांगितलेला दम

पोरं मानगुटीवर बसलीत म्हणून सांगतो, नाहीतर मला गोष्टी सांगायची हौस नाही. मधे बोलाल तर उठून जाईन.

फार पूर्वी, यंत्रं बोलायची तेव्हा, एका जुन्या मोटारीचं इंजिन चढावर धापा टाकायचं. मालक म्हणाला, "टेकडी चढलं तर ठेवतो, नाहीतर भंगारात." म्हणून बाबालाल मिस्त्रीनं सुपरचार्जर बनवला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. बसवताना त्याला म्हणाला, "चढ आला की म्हाताऱ्याला दम दे."

चाचणीला चढ लागला, तसा सुपरचार्जर हवा द्यायची सोडून ओरडायलाच लागला, "चढ मुकाट्यानं, थेरड्या. नाहीतर तुकडे करून विकतील तुला."

इंजिन घाबरलं, खोकलं आणि निम्म्या चढावर बंद पडलं. मिस्त्रीनं ब्रेक दाबला म्हणून मोटार वाचली.

सुपरचार्जरला फिरवणारा पट्टा म्हणाला, "शहाण्या, हे काय चालवलंयस?"

"दम देतोय. मिस्त्रीनंच सांगितलंय."

"तो दम नव्हे रे. श्वास दे त्याला, श्वास."

सुपरचार्जर ओशाळला. "चुकलं, आजोबा," इंजिनाला म्हणाला. मिस्त्रीनं इंजिन पुन्हा चालू केलं, तेव्हा पंख्यानं गपचूप पोटभर हवा दिली. मोटार अशी वर गेली की मालकाची टोपी उडाली.

माथ्यावर इंजिन म्हणालं, "एवढंच पाहिजे होतं, लेका. भीती माझ्याकडं घरचीच होती."

त्या पंख्यानं माफी तरी मागितली. पाढे चुकले म्हणून मला दुसरीतून दम देऊन हाकलणाऱ्या कुरणे मास्तरानं ती अजून मागायची आहे.