मोरघारीची सावली

फार मागं एका सरदारानं शिकारीसाठी तित्तरांचं रान राखलं होतं. मोरघारीला मारू नये असा राजाचा हुकूम होता. पण ती तित्तरं उचलते म्हणून राखणदारानं मेलेला ससा विष चोळून धोंड्यावर ठेवला. एका तित्तरिणीनं ते गवतातून पाहिलं.

पितरांचा पंधरवडा होता. मोरघार उतरली नि म्हणाली, “बघितलंस का गं? माणसांनी यंदा मलाबी घास ठेवला. नाहीतर दरसाल त्या कावळ्यांचंच कौतुक!”

खरं काय ते तित्तरिणीच्या जिभेवर आलं होतं. पण याच घारीनं तिचं एक पिलू नेलं होतं. ती म्हणाली, “ने बाई. तुझ्या लेकरालाही भरव.”

सांजेपर्यंत मोरघारीचं घरटं गप्प झालं.

पुढल्या साली तित्तरिणीला नवी पिलं झाली. आधीची पिलं घारीची सावली दिसली की गवतात दबायची. यांच्यावर कधी सावलीच पडली नाही. ती उघड्या माळावर हुंदडत वाढली.

दसऱ्याला सरदार बंदुका घेऊन आला. तित्तरीण जीव तोडून ओरडली, “दबा रे, दबा!”

पिलं तिच्याकडं बघत उभीच राहिली. धाकटं म्हणालं, “दबायचं म्हंजे काय, आई?”