दोरीची गाठ

एका गावात एक बाई होती, आणि तीस वर्षं तिच्या मनात एकच गोष्ट होती. तिला आपलं स्वयंपाकघर नव्यानं बांधायचं होतं.

बाई लग्न होऊन आली तेव्हा उंच होती. दाराच्या चौकटीला डोकं लागायचं. तिच्या माहेरी आई ताठ उभी राहून रांधायची, तीही तशीच शिकली होती. पण सासरचा ओटा होता गुडघ्याच्या जरा वर. तिची सासू ठेंगणी, तिनं आपल्यापुरता बांधून घेतलेला. त्या ओट्यावर बाईला ना बसून करता येई, ना उभं राहून. कमरेत मोडूनच भाकऱ्या थापायच्या. एकदा तिनं सासूला सांगून पाहिलं. सासू म्हणाली, "ओटा काय तुझ्यासाठी वर येणार आहे? तू खाली ये."

बाई खाली आली. तीस वर्षं खाली येत राहिली. सासू गेली, ओटा राहिला. बाईची पाठ वाकली ती वाकलीच. पण ते तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते?

मग मुलाचं लग्न झालं, घरात सून आली. तिचं नाव हिरा. ठेंगणी, हातानं चपळ, तोंडानं कमी. आता राबणारे हात आले म्हटल्यावर बाईनं नवऱ्याला सांगून टाकलं, "या वर्षी स्वयंपाकघर पाडायचं."

"पाडा," नवरा म्हणाला. "मला वेळेवर जेवायला मिळालं म्हणजे झालं."

बाईनं गावच्या गवंड्याला बोलावलं. पंचक्रोशीत त्याच्यासारखा दगड बसवणारा दुसरा नव्हता.

"गवंडीदादा, शेजारणीनं मागं रंगीत फरश्या लावल्या, आठवतं? दोन दिवाळ्या झाल्या आणि बघवेनाशा झाल्या. मला तसलं काही नको. शंभर वर्षांनी कुणी आत आलं तरी त्याला जुनं वाटता कामा नये, आणि आज कुणी आलं तर त्याला वाटलं पाहिजे की हे पहिल्यापासून असंच होतं."

गवंडी म्हणाला, "मग काळा दगड घ्या. भिंतीला चुना. सागवानी फळ्या, त्यावर पितळ. खिडकी उगवतीला, म्हणजे सकाळचं ऊन ओट्यावर पडेल."

"आणि ओट्यावर एकच अखंड दगडी फाडी. सांधा नको."

"एकच फाडी आणतो. फक्त माप द्या." गवंड्यानं कमरेची दोरी सोडली. "रांधणार कोण?"

"सून."

"मग सुनेला बोलवा."

आता ही त्या गवंड्याची जुनी रीत होती. ओट्याचं माप तो कधी हातानं, काठीनं घेत नसे. जी रांधणार तिला अनवाणी उभी करायचा. तिनं हात कोपरात मोडायचा. मग यानं जमिनीपासून वर दोरी धरायची आणि कोपराच्या चार बोटं खाली गाठ मारायची. गाठीइतका ओटा. त्याच्या बापानंही असंच केलं होतं.

हिरा दारातच उभी होती, हाताला पीठ. ती पुढं यायला निघाली.

बाई म्हणाली, "तू जा, चुलीवर दूध आहे." आणि गवंड्याला म्हणाली, "माप माझं घे."

"तुम्ही रांधणार नाही ना, काकू?"

"ओटा माझा आहे. तीस वर्षं वाट पाहिली मी."

गवंड्यानं दोरी सरळ केली. बाई वहाणा काढून उभी राहिली. श्वास ओढून घेतला, खांदे मागं टाकले, मान वर केली. पाठीत कळ आली तरी तिनं चेहऱ्यावर येऊ दिली नाही. माहेरच्या स्वयंपाकघरात उभी असलेली अठरा वर्षांची मुलगी तिला आठवत होती, आणि तीच इथं उभी आहे असं तिला वाटत होतं.

"काकू, अशा नको. रोज उभ्या राहता तशा राहा."

"मी अशीच उभी राहते."

गवंड्यानं दोरी धरली आणि गाठ मारली.

चार महिने काम चाललं. खाणीतून फाडी आणायला सहा बैल लागले. तिला घासून घासून असा तुकतुकीतपणा आणला की तोंड दिसावं. फळ्यांवर पितळेचे डबे उतरंडीनं लागले. पाण्याचा रांजण कोपऱ्यात दगडी बैठकीवर बसला. खिडकीतून ऊन आलं की सगळी खोली आतून उजळायची. आसपासच्या गावांतल्या बायका बघायला यायच्या, आणि बाई त्यांना फाडीवर हात फिरवायला लावायची.

पहिल्या दिवशी ओट्यावरच्या चुलीवर दूध उतू घालायचं ते बाईनं स्वतः घातलं. दूध वर येताना तिला पातेल्याच्या आतलं दिसेना. ती म्हणाली, "वाफ आली डोळ्यांवर." आणि मग ती जी त्या ओट्यापासून बाजूला झाली ती पुन्हा तिथं गेली नाही. तिचं राबणं संपलं होतं.

उरली हिरा. ओटा तिच्या छातीला लागायचा. भाकरी थापायची तर हात खांद्यातून उचलावा लागे. तव्यावरचं उलटताना चेहरा जाळाच्या समोर येई. आठव्या दिवशी ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, ओटा मला उंच होतो. हात पुरत नाही."

बाई वाती वळत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "पाट घे पायाखाली. मी तीस वर्षं वाकून केलं. तुला चढून करायला काय होतंय?"

हिरानं पाट घेतला. पुन्हा काही बोलली नाही. आणि न बोलणाऱ्या माणसाचं सगळं ठीक चाललंय असं घरानं धरून टाकलं. घरं तशीच असतात.

काही महिन्यांनी एका सकाळी आमटीचं पातेलं उतरवताना पाट हलला. खाली फरशी ओली होती. हिरा पडली, आणि पातेलं तिच्या उजव्या हातावर. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलली गेली.

बाई धावत आली. तिनंच हातावर पाणी ओतलं, तिनंच वैद्याला बोलावणं पाठवलं. वैद्य लेप लावून म्हणाला, "दोन महिने हा हात जाळाजवळ न्यायचा नाही. बोटं वळतील का, ते नंतर बघू."

हिरा रडली नाही. ती फक्त म्हणाली, "भाकऱ्या राहिल्यात."

"पडून राहा तू," असं म्हणून बाई पदर खोचून स्वयंपाकघरात गेली.

ती ओट्यापुढं उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला. हात फाडीच्या कडेला अडला. तिनं परातीत पीठ घेतलं, मळायला गेली, तर जोर पोचेना. तिला वाटलं, सवय नाही म्हणून असेल. तिनं पाठ ताठ केली. एक भाकरी होईपर्यंत ताठ राहिली. दुसरीला कळ निघाली. तिसरीला पाठ आपल्या जागी आली, तीस वर्षांच्या जागी, आणि ओटा तिच्या छातीला लागला.

तिच्याच मापाचा ओटा, आणि तो तिलाच होत नव्हता.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. भिंतीला टेकवून पाट ठेवला होता. तिनं तो पायानं ओढला आणि चढू लागली.

मागून आवाज आला. "आत्याबाई, पाट हलतो. डावा पाय आधी ठेवा."

हिरा दारात उभी होती, हात फडक्यात बांधलेला. ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर बाईला उत्तर देता आलं असतं. ती खरंच सांगत होती, कुठला पाय आधी.

बाईनं पाय मागं घेतला.

"किती दिवस हलतोय?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, आत्याबाई."

चुलीवर भाकरी करपली. कुणी उलटली नाही. बाईला आपल्या सासूचा आवाज ऐकू आला, ओटा काय तुझ्यासाठी वर येणार आहे. मग तिला आपला स्वतःचा आवाज ऐकू आला, पाट घे पायाखाली. दोन्ही आवाज सारखेच होते. म्हातारीनं तिला खाली ओढलं, तिनं हिराला वर चढवलं, फरक एवढाच.

दुसऱ्या दिवशी तिनं गवंड्याला बोलावलं.

"हा ओटा कुणाच्या मापाचा बांधलास?" तिनं विचारलं.

"खरं सांगू का काकू? कुणाच्याच नाही. तुम्ही त्या दिवशी उभ्या होतात तशी बाई या घरात राहिलेली नाही."

"दिसत होतं तुला?"

"दिसत होतं."

"मग बांधलास कशाला?"

गवंड्यानं मान खाली घातली. "तुमच्या तोंडाला भ्यालो. बापाची रीत मोडली मी. त्या पोरीचा हात भाजला त्यात माझाही वाटा आहे."

"वाटे नंतर करू. आधी हा खाली घे."

आता नवरा मध्ये पडला. "अगं, गावभर नाव झालंय या ओट्याचं. लोक काय म्हणतील?"

"नाव झालं म्हणून तिचा हात बरा होतोय का?" बाई म्हणाली. "लोकांना म्हणावं या, आणि छातीएवढ्या ओट्यावर भाकऱ्या थापून दाखवा."

नवरा बाहेर जाऊन बसला.

गवंडी म्हणाला, "खालचे दोन थर काढावे लागतील. पण फाडी चुन्यात घट्ट बसलीय. उचलताना तडकेल कदाचित."

ही ती फाडी होती जिच्यावर तिनं दहा गावांचे हात फिरवून घेतले होते. बाईनं फाडीकडे पाहिलं. दगडात तिचंच तोंड दिसत होतं. मग ती म्हणाली, "तडकू दे. पण आधी माप घे. हिरे, इकडं ये."

हिरा आली. अनवाणी उभी राहिली आणि, सवयच ती, चवड्यांवर उंच झाली. इतके महिने त्या ओट्यापुढं ती पाटावरसुद्धा तशीच उभी राहत होती. बाईनं मागून तिच्या खांद्यांवर हात ठेवले आणि हळूच खाली दाबले.

"टाचा टेकव," ती म्हणाली. "इथं आता कुणी उंच व्हायचं नाही आणि कुणी वाकायचं नाही."

रांधायचा हात तोच, म्हणून भाजलेलाच हात कोपरात मोडताना हिरानं ओठ चावला. गवंड्यानं त्याच दोरीवर, पहिल्या गाठीच्या बऱ्याच खाली, दुसरी गाठ मारली.

फाडी उचलताना तडकलीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत नाही, पण मधोमध वीतभर भेग गेली. गवंडी म्हणाला, नवी आणू. बाई म्हणाली, राहू दे. पण तिनं एक गोष्ट मागितली. फाडीखालचे दगड या वेळी चुन्यात बसवायचे नाहीत. नुसते घडीव, एकावर एक, नीट जुळवून.

"म्हणजे कसं, काकू?"

"म्हणजे उद्या उंच सून आली तर एक थर घालता येईल. ठेंगणी आली तर काढता येईल. फाडी तीच राहील."

गवंडी हसला. "शंभर वर्षं टिकेल असं मागितलं होतंत. हे टिकेल."

हिराचा हात बरा झाला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं वळलेलं राहिलं. बाईनं ते कधी नशिबावर ढकललं नाही. कुणी विचारलं की सरळ सांगायची, "माझ्यामुळं." ओटा बघायला आलेल्या एका बाईनं हळहळून म्हटलं, अरेरे, एवढी सुंदर फाडी आणि भेग. तर बाई तिला म्हणाली, "दगडाचं बघून झालं असेल तर सुनेचा हात बघा." ती पुन्हा आली नाही.

बाईनं ती दोरी गवंड्याकडून मागून घेतली आणि खिडकीच्या खुंटीला अडकवून ठेवली. सणाला पितळ घासायला निघे, भिंतींना चुना लागे, पण दोरीला कुणी हात लावत नसे.

वर्षं गेली. बाई गेली. हिराचे केस पिकले, तिच्याही मुलाचं लग्न झालं. सून आली ती ताडमाड उंच. पहिल्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, ओट्यापुढं उभी राहिली आणि काही न बोलता कमरेत वाकू लागली. नव्या सुना बोलत नाहीत.

"थांब," हिरा म्हणाली.

तिनं खुंटीवरची दोरी काढली. वळलेल्या दोन बोटांमुळं गाठ मारायला तिला वेळ लागणार होता. ती खाली बसली, दोरीचं टोक नव्या सुनेच्या पायाशी धरलं आणि वर पाहिलं.

"वहाणा काढ. हात कोपरात मोड."

मुलगी घाबरून ताठ उभी राहिली.

"अशी नाही गं," हिरा म्हणाली. "रोज उभी राहतेस तशी राहा."

तात्पर्य: घर कितीही देखणं बांधा, त्यात जो राबणार आहे त्याला आधी उभं करून माप घ्या, आपण सोसलं ते दुसऱ्याला सोसायला लावून आपली वाकलेली पाठ सरळ होत नाही.