वीस डोकी

जनावरंच आपापली राखण करत, त्या काळची गोष्ट. एका गोठ्यात शेळ्या आणि कोंबड्या एकत्र राहत. भुऱ्या कुत्रा रोज तिन्हीसांजेला त्यांची डोकी मोजायचा आणि वीस भरली की फाटक लावायचा.

एकदा कबरी शेळी कळवळून म्हणाली, "भुऱ्या, माझं करडू आलं नाही रे!"

"वीस भरलीत. उगाच ओरडू नकोस," तो खेकसला. त्याच दुपारी अंड्यातून एक पिल्लू बाहेर आलं होतं, ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

कबरी ओरडायची थांबेना, तेव्हा सकाळी त्याने पायही मोजले. चोपन्न. सगळ्या कोंबड्याच असत्या तर चाळीस झाले असते. वरचे चौदा, शेळीमागे दोन, म्हणजे शेळ्या सातच. काल करडासकट आठ होत्या.

"कबरे, तुझंच बरोबर होतं," तो खाली मान घालून म्हणाला.

"रात्रभर ते ओढ्यापलीकडून हाका मारत होतं," कबरी म्हणाली. "पहाटे गप्प झालं."