धड परत आलेले यंत्र

"पाण्यात किती महिने?" असे भार्गवीबाईंनी विचारले, तेव्हा तिथे तिसरे कोणी नव्हते. पुढचे बाई आणि हर्षल या दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितले. खाली दिले आहे तेवढ्यापुरती दोघांची साक्ष जुळते.

"आठ," हर्षल म्हणाला. "एकही बिघाड नाही, बाई."

लाटांवर वीज निर्माण करणारे ते यंत्र म्हणजे त्याची नऊ वर्षांची मेहनत. तपासणी अहवालावर बाईंची सही झाली, तर सरकारचे दुसऱ्या टप्प्याचे साहाय्य मिळणार होते. न झाली, तर कार्यशाळेला कुलूप. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. बाई नाही म्हणतील हे त्याच्या मनातही आले नव्हते. समुद्राचे गणित त्यांनीच त्याला शिकवले होते, आणि त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी आपणच, हे तो चारचौघांत सांगत असे.

"वर्षाचे महिने बारा."

हर्षलने शांतपणे समजावले: ज्येष्ठात यंत्र किनाऱ्यावर ओढून घेतले, भाद्रपद सरेपर्यंत ते तिथेच राहील. साहाय्याची अटच तशी. चाचणीनंतर यंत्र धड परत आले पाहिजे. मोडले, तर प्रस्ताव बाद.

"छत्री भिजेल म्हणून पावसात उघडली नाहीस, असेच ना?"

तो हसला. बाई हसल्या नाहीत…

पेनला टोपण लावून त्या कार्यशाळेतून बाहेर किनाऱ्यावर निघाल्या. ओढून ठेवलेल्या होड्यांच्या रांगेत, झावळ्यांच्या झापांखाली, यंत्र उभे होते. हर्षलच्या आठ महिन्यांच्या तक्त्यात जी लाट एकदाही नव्हती, ती समोर लागोपाठ फुटत होती.

"होड्या का ओढतात?"

"लाटांपासून वाचवायला."

"कोळ्यांना मासळी हवी असते. लाट नको असते… तुला?"

हर्षल चिडला. "अट मी घातलेली नाही, बाई. ज्या शहाण्याने घातली, त्याला विचारा."

"विचारले. मीच घातली."

…

"अट घातल्यापासून सहा वर्षांत सात यंत्रे तपासणीला आली," बाई म्हणाल्या. "सातही धड परत गेली. वीज एकाचीही कोणाच्या घरी पोचली नाही."

हर्षलने घड्याळ पाहिले. दोन तास उरले होते.

"बाई… सही?"

बाई वाळूत बसल्या आणि झापांवरच्या दोराची गाठ सोडू लागल्या. गाठ भिजून आवळली होती.

"आधी ते दुसरे टोक सोड. यंत्र या लाटेत उतरवू."