नाक्यावर अडलेली कट्यार

वाघजाळी संस्थानातलं वऱ्हाड शेजारच्या सोनखांब संस्थानात निघालं, तर सीमेवरच नाकेदार आडवा आला. "तुमच्या राजाचा परवाना आमच्या हद्दीत चालत नाही. नवरदेव खुशाल जाऊ दे, त्याच्या हातातली कट्यार इथंच राहील!"

त्यानं कट्यार हिसकावूनही घेतली. वऱ्हाडी गयावया करू लागले. नवरदेवाची ठकूआत्या मात्र हसली. "आमच्यात नवरदेव लढाईवर असला, तर नवरीचं लग्न त्याच्या कट्यारीशी लावतात. म्हणजे खरा नवरदेव तुम्हीच ठेवून घेतलात, नाकेदार! नवरीला इथंच बोलावते. वऱ्हाडाचं जेवण नि मानपान आता तुमच्याकडे."

नाकेदारानं वळून पाहिलं. निम्मं वऱ्हाड पंगत धरून बसलंही होतं.

कट्यार तत्काळ परत आली. झटापटीत तिच्या टोकाचं लिंबू पडलं होतं, तेही नाकेदारानं स्वतःच्या हातानं खोचून दिलं.