धाकू मिस्त्रीचा चहा

"तीनच मिनिटं का रे? अडीच का न्हाईत?"

उस्तादांनी विचारलं आणि पुन्हा स्टोव्हला पंप मारायला लागले.

ब्रिगेडियर जयसिंग वाबळे गालातल्या गालात हसले. ही चेष्टा आहे हे त्यांना कळत होतं. उस्तादांकडून चेष्टा करून घ्यायची त्यांना अठ्ठावीस वर्षांची सवय होती.

उस्ताद म्हणजे यल्लाप्पा मिस्त्री. जातीचे वडार. घाटरस्त्यांच्या कामावर चाळीस वर्षं सुरुंग लावले, आणि दहाची दहा बोटं शाबूत घेऊन घरी बसले. त्या धंद्यात ही थोडीथोडकी गोष्ट नाही. पिंपरखिंडीच्या माथ्यावर, रस्त्याला लागूनच त्यांचं घर. जयसिंग नवे लेफ्टनंट असताना सैन्यानं त्यांना तीन महिने इथं धाडलं होतं, सुरुंगाच्या दारूशी कसं वागायचं ते शिकायला.

शिकवलं काय, तर मोजायला.

दहा भोकं भरली तर दहा आवाज ऐकू यायला हवेत. नऊच आले तर एक बार फसला, तो अजून आत जिवंत आहे असं समजायचं. मग कुणी जागचं हलायचं नाही. कुणी शहाणपणा करायचा नाही. चहा टाकायचा. आणि बार उडवायची पेटी ज्याच्या ताब्यात, त्यानं पेला दोन्ही हातांनी धरून तो चहा सावकाश संपवायचा.

"दोन्ही हातांनी कशाला?" असं जयसिंगनी तेव्हा विचारलं होतं.

"गार होऊ नये म्हणून," उस्ताद म्हणाले होते, आणि सगळी टोळी हसली होती.

पुढं दोन वर्षांनी उत्तरेकडच्या डोंगरात वाट मोकळी करताना एक बार फसला. वरून घाई होती, जवान पुढं निघाले होते. जयसिंगनी सगळ्यांना मागं ओढलं आणि चहा टाकायला सांगितलं. अर्धा चहा झाला होता तेवढ्यात समोरची कपार फुटली. नऊ माणसं त्या दिवशी जिवंत घरी गेली, आणि त्यातले एक जयसिंग.

तेव्हापासून खांद्यावर नवं चिन्ह चढलं की पेढ्यांचा पुडा घेऊन ते खिंडीत यायचे. उस्तादांच्या पायावर डोकं ठेवताना त्यांना दर वेळी भरून यायचं, आणि त्याची त्यांना लाज वाटत नसे.

आज पेढे होते आणि एक फाईलही होती. ती त्यांनी काखेत घट्ट धरली होती.

उद्या अकरा वाजता राजधानीत समितीपुढं हा कागद जायचा होता. लिहिला त्यांनीच होता. शेवटच्या पानावर त्यांची सही तेवढी राहिली होती. ही सही झाली की वरची जागा तुमचीच, असं दोघातिघांनी कानात सांगितलंही होतं.

सांगण्याजोगं होतं तेवढं त्यांनी आल्या आल्याच उस्तादांना सांगितलं होतं. शेजारच्या देशाकडे अणुबॉम्ब आहे, आपल्याकडेही आहे. पलीकडून काही येताना पडद्यावर दिसलं, तर आज आपला माणूस दुसऱ्याला विचारतो, दुसरा तिसऱ्याला फोन लावतो. खात्री करण्यातच दहा-बारा मिनिटं जातात. नव्या कागदाप्रमाणे कुणी कुणाला विचारायचं नाही. यंत्रानं पाहिलं की तीन मिनिटांत उत्तर निघणार, आणि तेही यंत्रच धाडणार. हे शेजाऱ्याच्या कानावर आधीच घालून ठेवायचं.

"समोरच्याला कळलं पाहिजे, उस्ताद, की इथं विचार करत कुणी बसलेलं नाही. मग तो वाकडं पाऊल टाकणारच नाही. धाक पक्का हवा."

"म्हंजे आपल्या चहाला सुट्टी."

जयसिंग हसले. म्हणाले, ते सुरुंग होते, हे वेगळं आहे.

"व्हय, वेगळंच की," उस्ताद म्हणाले. त्यांनी आधणात साखर टाकली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, शेजारी गप्प बसतील का मग?

छे, गप्प कसले! सहा महिन्यांत तेही अस्सेच नियम करतील, असं जयसिंगनी सांगितलं. आपलं बघून बघूनच ते सगळं करतात. सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

उस्तादांनी आलं ठेचायला घेतलं.

"मागं पेपरात आलं होतं... आपलंच एक चुकून उडालं म्हणून. ते तुझ्याच तळावरचं ना?"

जयसिंगची मान ताठ झाली.

त्यांच्याच तळावरचं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात, दुरुस्तीची तपासणी चालू असताना एक क्षेपणास्त्र सुटलं ते सुटलंच. त्यावर बॉम्ब नव्हता. पण तो नाही हे पलीकडच्यांना कुठं ठाऊक होतं? सीमेपलीकडे एका बाजरीच्या रानात ते पडलं. गोठ्याची भिंत गेली, माणूस दगावलं नाही.

पण ते उडाल्यापासून पलीकडे पहिला फोन लागेपर्यंत सतरा मिनिटं गेली होती. त्या सतरा मिनिटांत जयसिंग मैदानात उभे राहून आभाळाकडे बघत होते. मागच्या क्वार्टरच्या गच्चीवर त्यांची बायको कुमुद पापड वाळत घालत होती. तिला हाक मारावी असं त्यांना वाटलं, पण हाक मारून सांगणार काय? संध्याकाळी ती म्हणाली, आज ऊन छान होतं, एका दिवसात वाळले. जयसिंग मोरीत जाऊन नळ सोडून रडले होते. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. उस्तादांना सांगितलं.

उस्तादांचा बत्ता थांबला.

"मग पलीकडून काही आलं कसं न्हाई?"

"घाबरले. आपल्याकडे काय आहे ते त्यांना माहीत आहे."

हे वाक्य त्यांनी चाळीस बैठकांत ठणकावून म्हटलं होतं. आज ते जरा खालच्या आवाजात आलं.

चहा वर आला, उस्तादांनी तो खाली घेतला. माणसं दोन, आणि मांडले तीन पेले.

समोर जांभळीखाली एक म्हातारा खडकाला टेकून बसला होता. जयसिंगनी त्याला गेल्या कित्येक खेपांना तिथंच पाहिलं होतं. उस्तादांचा कुणी पाहुणा असेल, एवढंच धरून चालले होते.

"तो धाकू मिस्त्री," उस्ताद म्हणाले. "कोकणाकडच्या टोळीचा."

आणि त्यांनी जी गोष्ट सांगितली ती जयसिंगच्या वेळेच्या आधीची होती. आजवर त्यांनी ती पोटात ठेवली होती.

पिंपरखिंडीचा रस्ता दोन्हीकडून वर चढत होता. देशाकडून यल्लाप्पांची टोळी, कोकणाकडून धाकूची. जो माथ्यावर आधी पोचेल त्याला पुढच्या घाटाचं काम. मग काय विचारता! पहारी दरीत फेकल्या गेल्या, दोघांची डोकी फुटली, एकमेकांच्या झऱ्यावर पहारे बसले. शेवटी दोन्ही मिस्त्रींनी शहाणपणा केला. शहाणपणा हा शब्द उस्तादांचाच, आणि तो वापरून ते स्वतःच हसले. यल्लाप्पांनी धाकूच्या झोपड्यांवरच्या कड्यात बारा भोकं भरली, तार ओढून पेटी आपल्या उशाशी ठेवली. धाकूनंही यल्लाप्पांच्या झोपड्यांवर तेच केलं. दोघांनी एकमेकांना निरोप धाडला, हात लावून तर बघ, डोंगर अंगावर घेशील.

"मग?"

"चार म्हैने कुणी ब्र काढला न्हाई."

"म्हणजे धाक चालला," जयसिंग म्हणाले.

"चालला की. झकास चालला."

चार महिन्यांनी एका सकाळी यल्लाप्पांनी रस्त्याच्या कामावर दहा बार लावले. कान देऊन मोजले, दहा भरले. कामाला लागा म्हणून शिट्टी दिली. पण दहावा आवाज सुरुंगाचा नव्हताच. समोरच्या कड्यानं नवव्याचा आवाज परत धाडला होता, आणि तोच यल्लाप्पांनी मोजला होता. उभ्या जन्मात त्यांनी अशी चूक केली नव्हती.

फसलेला बार थोड्या वेळानं, माणसं तिथवर पोचायच्या आत, आपला आपण उडाला. शिट्टी नाही, लाल निशाण नाही, काही नाही. धोंडे गेले थेट धाकूच्या झोपड्यांवर. एक छप्पर बसलं, धाकूच्या सख्ख्या भावाची मांडी मोडली. खालून बघणाऱ्याला त्याचा एकच अर्थ लागणार होता.

यल्लाप्पांच्या झोपड्यांत तेव्हा अकरा माणसं होती. त्यांची बायको नरसम्मा चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. धाव घेऊन पोचावं एवढी ती जवळ नव्हती, आणि धाकूची पेटी धाकूपासून चार पावलांवर होती.

"मी उघड्यावर हुबा ऱ्हायलो. त्याच्याकडं बघत. वीस-पंचवीस मिनटं."

"आणि तो?"

"बसून होता."

"त्यानं केलं काय?"

"काय न्हाई."

"घाबरला असेल," जयसिंगच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

उस्ताद त्यांच्याकडं बघून हसले. अगदी मायेनं हसले.

"मी बी तेच सांगत सुटलो होतो रे. सात वर्षं. धाकू मला भ्याला म्हणून."

सात वर्षांनी एकदा नातवाच्या बारशाला नरसम्माला पाळणा हलवताना पाहिलं, आणि यल्लाप्पांना घास गिळेना. ताटावरून उठून ते खाली कोकणात उतरले, गाव शोधत धाकूच्या दारात गेले. विचारलं, त्या दिवशी पेटी का नाही दाबलीस?

धाकू जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर न करता सांगितलं की, तुझे बार मी रोजच मोजायचो. त्या दिवशी नऊच झाले. तुझा एक फसलाय हे मला ठाऊक होतं. म्हणून मी चहा टाकला.

...

जयसिंगनी समोर पाहिलं.

जांभळीखालचा म्हातारा टोपीनं वारा घेत होता. पुढं त्याचं कुणी उरलं नाही, तेव्हा यल्लाप्पा त्याला इथं घेऊन आले. त्यालाही आता अठरा वर्षं झाली. रोज दुपारी पहिला पेला त्याचा. उस्तादांच्या घरात हा नियम कधी मोडला नव्हता.

जयसिंगना पलीकडची एक खोली दिसायला लागली. तिथला पडदा, त्या पडद्यावर येणारा ठिपका, आणि समोर बसलेला कुणीतरी. त्यानं दुसऱ्याला विचारलं असेल. दुसऱ्यानं तिसऱ्याला फोन लावला असेल. एकटाच येतोय, बाकीचे कुठं आहेत, असं म्हणून कुणीतरी मोजलं असेल. आणि इकडे कुमुदचे पापड वाळले.

त्यांचे डोळे भरून आले. त्या माणसाचे पाय धरावेत असं त्यांना फार वाटलं.

"उस्ताद, तो कोण होता हे मला कधीच कळायचं नाही. त्याचे आभार कसे मानू?"

उस्तादांनी पहिला पेला काठोकाठ भरला.

"आणि उद्या या कागदाचं काय करू?"

उस्तादांनी हनुवटीनं जांभळीकडं दाखवलं. हा त्याला नेऊन दे, असा त्याचा अर्थ होता. जयसिंगनी उजवा हात पुढं केला. डाव्या काखेत फाईल होती, तो हात मोकळा नव्हता.

उस्तादांनी पेला मागं घेतला.

"दोन्ही हातांनी धर, जयसिंगा."